साखळी उघडीच होती

गाडी समुद्रात गेल्याची गोष्ट मी इतक्या लोकांना सांगितली आहे, की आमच्याकडे उतरायला येणारे पाहुणे खोली बघायच्या आधी तिची चौकशी करतात. "काका, ती जीपची गोष्ट सांगणारे तुम्हीच ना?" मीच. आवाज बदलून, हातवारे करून सांगतो. एका ठिकाणी तर अंगणातल्या बाकड्यावर चढतो — बायको म्हणते, एक दिवस पडाल. पण त्या गोष्टीच्या आधी एक छोटीशी गोष्ट घडली होती — पाच मिनिटांचीसुद्धा नाही. ती मी कुठल्या पाहुण्याला धड सांगितली नाही, मित्राला नाही, बायकोलाही नाही. एकाच माणसाला एकदा सांगायला गेलो होतो. ते कसं झालं ते पुढे येईलच, पण त्याला सांगणं म्हणता येणार नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही समोर नाही आहात हे बरं आहे. समोर असतात तर मी आधी तुम्हाला हसवलं असतं, आणि एकदा कोणी हसलं की माझं काही खरं नसतं.

नावं बदलली आहेत. गाव दापोली तालुक्यातलं, मुरुड आणि दाभोळच्या मधल्या किनाऱ्यावरचं, एवढं पुरे. स्वतःचं नावही बदलणार होतो, पण मला सगळे बाळू म्हणतात, आणि कोकणात एखादा बाळू शोधायला निघालात तर शोधता शोधता म्हातारे व्हाल.

तर, आधी मी. मला आवाज आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही — बरं, थोडी बढाई आहे. गावच्या नाटकात मिसरूड फुटायच्या आधीपासून मी राजा असायचो. आमच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. बोलणारा एकच, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सारा गाव 'होय महाराजा' म्हणतो. विचार करा — देवळात उभं राहायचं, आपण एक वाक्य बोलायचं, आणि दोनशे गळ्यांनी 'होय' म्हणायचं. असल्या माणसाला नंतर 'नाही' हा शब्द कुठे सापडणार? ऐकायचाही नाही, आणि बोलायचाही नाही.

मला 'नाही' म्हणता येत नाही. हे कारण म्हणून पुढे करत नाही. फक्त तुम्हाला माणूस कळावा.

माझं घर म्हणजे किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं शेवटचं. चार खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचं. माझ्या कुंपणाच्या गडग्याचा शेवटचा जांभ्याचा खांब आणि पलीकडचा सिमेंटचा खांब, यांच्यामध्ये एक साखळी आहे. साखळीच्या पलीकडे पुळण. ओहोटीला आमची वाळू इतकी घट्ट होते, की मोठी गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या पायाला खाज सुटते. पूर्वी सुसाट हाकायचे. मग एकदा एक गाडी खेळणाऱ्या मुलांच्या अंगावरून जाता जाता राहिली, आणि पंचायतीने फलक लावला — किनाऱ्यावर वाहन नेण्यास सक्त मनाई. तरी लोक विचारायचेच. अलाउड आहे का? थोडंसं अलाउड आहे का? सकाळी लवकर अलाउड आहे का? मग होड्या ओढणारा तो ट्रॅक्टर कसा चालतो? प्रश्न इतके रंगतदार, आणि उत्तर बिचारं एका शब्दाचं. म्हणून शेवटी साखळी आली, तिला कुलूप आलं, आणि कुलपाची किल्ली भिकूदादाकडे आली.

भिकूदादा तांडेल. म्हणजे होडीचा म्होरक्या — खलाशी त्याच्या शब्दावर दर्यात जातात आणि त्याच्या शब्दावर परत फिरतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मला पोहायला त्याने शिकवलं, म्हणजे होडीतून ढकललं आणि वर बसून विडी ओढत बघत राहिला. किल्ली पंचायतीने त्याच्याकडे का दिली? तर भिकूदादाने एखादी गोष्ट केली म्हणाला की ती झालेली असते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. किल्ली तो कमरेच्या करदोट्याला बांधायचा. होड्यांच्या ट्रॅक्टरसाठी उघडायचा, लगेच लावायचा, आणि लावल्यावर कुलूप तीनदा ओढून बघायचा. मी पडवीतून त्याची नक्कल करायचो — कमरेवर थाप, कुलपाला तीन हिसके. तो खालूनच शिवी द्यायचा. छान चाललं होतं आमचं.

आता कुलपाचं. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे लोखंड टिकत नाही. एका दुपारी सहज म्हणून, नसता चाळा, मी त्या कुलपाच्या बुडाला जांभ्याच्या खड्याने एक टोला दिला — आणि ते उघडलं. हसू आलं मला. पुन्हा दाबून लावलं, पुन्हा टोला, पुन्हा उघडलं. ओढून उघडत नव्हतं; भिकूदादाने तीनदा काय, तीसदा ओढलं असतं तरी नाही. पण त्या एका जागी टोला बसला की झालं. हे मी भिकूदादाला सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण मला असली गुपितं खिशात ठेवायला आवडतात — कधीतरी चारचौघांत काढायची, लोक थक्क होतात. तशी वेळ येईल म्हणून ठेवलं.

आली.

डिसेंबरचा शेवट, गावात पाय ठेवायला जागा नाही. माझ्याकडे पुण्याची चार मुलं उतरली होती — मुलं म्हणजे तिशीतली — आणि त्यांची उंच चाकांची, चारही चाकांना जोर असलेली जीप. तिला त्यांनी एका बाईचं नाव ठेवलं होतं. दुपारी जेवताना मी रंगात आलो होतो. मुलं हसून हसून पाणी पीत होती. तेवढ्यात त्यांच्यातल्या गाडीवाल्याने विचारलं, अगदी अदबीने विचारलं, की काका, बीचवर गाडी न्यायला अलाउड आहे का? बोर्ड तर नाही म्हणतो.

मुलाने विचारलं होतं, हे लक्षात घ्या. त्याने दांडगाई केली नाही. मी 'नाही' म्हणालो असतो तर तो 'ओके काका' म्हणून सोलकढीची दुसरी वाटी मागणार होता. पण चौघं माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर अजून हसू होतं. त्या चेहऱ्यांवरून ते हसू जाऊ द्यायचं — मला ते जमेना. मी म्हणालो, बोर्ड परक्यांसाठी असतो. माझ्या पाहुण्यांना कोण अडवणार?

भिकूदादा जेवायला घरी गेला होता. वाटेवर कोणी नव्हतं, म्हणजे मी आधी डावीउजवीकडे बघून घेतलं — हे गोष्टीत कधी येत नाही. मी खडा उचलला. मुलांना म्हणालो, आता बघा. कुलपाला नमस्कार केला, काहीतरी मंत्र पुटपुटलो, आणि टोला. साखळी खळकन खाली पडली. पडदा पडावा तशी. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठीच. मी कमरेत वाकून त्यांना वाट दाखवली, जीप वाळूवर गेली, आणि मी घरी येऊन झोपलो. खरंच झोपलो. छान झोप लागली.

पुढची गोष्ट मी सांगतो ती. भरती लागली, मुलांना कळलं नाही. पाणी चुकवायला ती वर कोरड्या वाळूकडे वळली, तिथून घाबरून परत खाली, आणि वहाळ जिथे समुद्राला मिळतो तिथल्या भुसभुशीत वाळूत जीप आसापर्यंत रुतली. मग लाटा आत शिरायला लागल्या. मुलं टपावर. एकजण फोनवर आईशी बोलतोय. गाव गोळा झालेला. ट्रॅक्टर आला, दोर आले, आणि छातीभर पाण्यात उभा राहून भिकूदादा सगळ्यांना शिव्या देत जीपला दोर बांधतोय, जणू जीप म्हणजे एखादी वेंधळी होडी — हे मी बाकड्यावर चढून सांगतो. लोक पोट धरून हसतात. गोष्ट चांगलीच आहे हो.

पण गाडी वर कोरड्या वाळूकडे वळली तेव्हा ती एका जाळीच्या कुंपणातून गेली होती. हे मी गोष्टीत गाळतो. त्या हंगामातलं पहिलं कासव आठवड्यापूर्वीच अंडी घालून गेलं होतं. भिकूदादाने पहाटे माग काढून अंडी शोधली होती, हाताने खड्डा करून कुंपणात पुरली होती, शाळेच्या पोरांना नेऊन दाखवली होती. जीप बाहेर काढून झाल्यावर तो ओल्या कपड्यांनी तिकडे गेला. वाकून बघितलं. हाताने थोडी वाळू बाजूला केली. मग ती परत सारखी केली आणि उठला. मी तिथून पन्नास पावलांवर उभा होतो आणि मला वाटलं, आता जाऊन सांगावं.

गेलो का?

मी गेलो ते मुलांकडे. ती माझ्या अंगणात टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसली होती, आणि पोलीस यायचे होते. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, कुलूप उघडून आत गेलात म्हणाल तर मोठं लचांड मागे लागेल. साखळी उघडीच होती म्हणा. सोपं पडेल. मुलांनी लगेच मान डोलावली. बिचाऱ्यांना वाटलं काका आपल्याला वाचवतायत. एकाने तर माझे हात हातात घेतले.

पोलीस आले, मुलांवर किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल कारवाई झाली, ती रीतसर. मग पंचायतीच्या एकाने साखळीकडे बघून विचारलं, ही उघडी कशी? सगळे भिकूदादाकडे वळले. त्याने कमरेवर थाप मारली. किल्ली होती. कुलूप साखळीला लटकत होतं, न तुटलेलं, न वाकलेलं, नुसतं उघडं. त्याने ते हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "लावलं होतं मी." आणि थोड्या वेळाने — "बहुतेक."

हा शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. तांडेल 'बहुतेक' म्हणत नाही. होडीवर 'बहुतेक' म्हणणाऱ्या माणसाबरोबर कोणी जात नाही. मी तिथे उभा होतो. त्या शब्दाच्या आत माझ्यासाठी एक दार उघडलं गेलं आणि मी त्यातून सुखरूप बाहेर पडलो. सोडवलं त्याने मला, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दापोलीहून नवं पितळी कुलूप मीच आणलं. गावाने म्हटलं, बाळूला काळजी आहे. जुनं मी खाडीत टाकलं.

गाव त्याला काही फार बोलला नाही. वय झालं, होतं कधी कधी — एवढंच. पण हेच त्याला सोसवेना. कोणी अंगावर आलं असतं तर तो भांडला असता. समजूत घालणाऱ्याशी कसं भांडणार? दोन महिने तो नीट झोपला नाही, असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या बायकोला सांगत होती. ती दुपार पुन्हा पुन्हा उगाळायचा. ट्रॅक्टर गेला, मी लावलं, ओढलं — ओढलं का? की ते आदल्या दिवशीचं?

मग शिमगा आला. पालखी सहाणेवरून, म्हणजे शिमग्यात ती बसते त्या चौथऱ्यावरून, देवळात परतली की आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालणारा प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लोक लग्नाचं विचारतात, होडीचं विचारतात. आदल्या संध्याकाळी भिकूदादा माझ्या पडवीत आला. बसला नाही. म्हणाला, "बाळ्या, माझं एकच विचार देवाला. मी कुलूप लावलं होतं का नाय. बाकी काय नको."

मी म्हटलं, विचारतो की.

माझा देवावर किती विश्वास आहे? एरवी विचाराल तर मी काहीतरी गंमत करून उत्तर टाळेन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा माझा इतका विश्वास होता, इतका विश्वास होता, की पाठीवरून घामाचे ओघळ जात होते. त्या कळ्यांना ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. मी विचारणार, उजवी पडणार — लावलं होतं. आणि मग सारा गाव एकमेकांकडे बघून म्हणणार, मग उघडलं कोणी? आणि तो प्रश्नही मलाच विचारावा लागणार होता. माझ्याच आवाजात.

भिकूदादा समोर नारळ घेऊन उभा. मागे वहिनी. मी आवाज लावला. आणि जे बोललो ते असं : "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या हातून नकळत चूक घडली, ती पोटात घाल आणि त्याला पदराखाली घे." माझा आवाज भरून आला होता. नाटक नव्हतं ते, खरंच भरून आला होता. भीतीने. गावाला वाटलं, मायेने. दोनशे गळे म्हणाले, 'होय महाराजा'. त्यात भिकूदादाही म्हणाला. जरा उशिरा म्हणाला, पण म्हणाला.

उजवी कळी लगेच पडली.

कळलं का मी काय केलं ते? त्याने विचारलं होतं, चूक झाली का? मी देवाला सांगितलं, चूक झाली, माफ कर. त्याचा प्रश्नच मी गिळला, आणि वर माफी मिळवून दिली. बाया डोळे पुसत होत्या. वहिनीने मला हात जोडले. एका म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवून म्हटलं, बाळू, गाऱ्हाणं घालावं तर तू. आणि भिकूदादा माझ्याकडे बघत होता — रागाने नाही. त्याला उत्तर मिळालं होतं. देवाने माफ केलं, म्हणजे चूक झाली होती.

त्या पावसाळ्यात, नारळीपौर्णिमेला होड्या पुन्हा बाहेर पडल्या तेव्हा, त्याने सुकाणू पुतण्याच्या हातात दिलं. लोकांनी खूप समजावलं. तो म्हणाला, "ज्याला कुलूप आठवत नाय त्याने माणसं घेऊन दर्यात जाऊ नये." यात चूक काय काढणार? मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. किल्ली त्याने पंचायतीत नेऊन दिली. तेव्हापासून तो घरात असतो. दाराची कडी लावली का ते बघायला बाजाराच्या अर्ध्या वाटेवरून परत येतो. गॅसचं बटण पिरगाळून पिरगाळून ढिलं झालंय. बोलताना वहिनीकडे बघतो, बरोबर का म्हणून. दर्याचा रंग बघून वारा सांगणारा माणूस — आणि आता सकाळी चहा प्यायलो का, हे बायकोला विचारतो. त्याचं डोकं शाबूत आहे. मी सांगतो ना, शाबूत आहे! ते शाबूत आहे हे पक्कं जाणणारा जगात मी एकटा.

आणि मी काय करत होतो? गोष्ट सांगत होतो. ती वाढत गेली. कुठल्याही गोष्टीला एक वेंधळा लागतो, तेव्हा एक झोपाळू राखणदार त्यात आला — कमरेवर थाप मारतो, किल्ली आहे, कुलूप उघडं आहे, पुन्हा थाप मारतो. नाव घेत नव्हतो मी. गरजच नव्हती. एका संध्याकाळी अंगणात पाहुणे दाटीवाटीने बसले होते, मी थाप मारायच्या जागी आलो, आणि बघतो तर फाटकाशी भिकूदादा. पुतण्याची मासळी घेऊन आला होता. माझा हात कमरेवरच राहिला. लोक वाट बघतायत. तो हसला. मासळीची पिशवी खाली ठेवली, पुढे आला, आणि पाहुण्यांना म्हणाला, "असं नाय, त्याला जमत नाय. मी दाखवतो." आणि त्याने स्वतः करून दाखवलं. कमरेवर थाप. चेहरा गोंधळलेला. पुन्हा थाप. लोक लोळले हसून. मीही हसलो. काय करणार होतो?

तो पिशवी देऊन गेला. त्या रात्रीचं मी जेवलो नाही, पण बायकोला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर मी त्याच्याकडे गेलो. दिवसाढवळ्या, मुद्दाम, म्हणजे नाटकी वाटायला नको. तो पडवीत बसला होता, वहिनी आत तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. खडा, टोला, टाळ्या, मुलांना पढवलेलं वाक्य, दापोलीचं कुलूप, सगळं. हात बांधून बसलो होतो, हातवारे होऊ नयेत म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, "किती रचतोस रे माझ्यासाठी."

मी शपथ घेतली. तो हसला. जुनं कुलूप कुठाय, दाखव, असंही म्हणाला नाही. त्याला पुरावा नकोच होता. मी म्हटलं, भिकूदादा, देवळात मी खोटं बोललो. तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. म्हणाला, "असं बोलू नये, बाळ्या. देवापुढे तू खोटं बोलणारा नाहीस. तिथे तू गाव असतोस." आणि वहिनीला हाक मारली, बाळ्याला चहा दे.

वहिनीने चहा दिला. मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिचा विश्वास बसला होता — डोळ्यांत दिसत होतं. ती हळू आवाजात बोलली. "त्यांचं डोकं नेलंत. आता देवही नेताय? आत्ता कुठे त्यांना झोप लागायला लागलीय. पुन्हा येऊन हे बोलू नका." आणि फाटक लावून घेतलं.

म्हणजे आता काय करायचं? मी बोललो तर तो मानत नाही. मोठ्याने बोललो, गावासमोर बोललो, तर काय होईल? एकदा तेही केलं — म्हणजे करायला गेलो. गेल्या मे महिन्यात अंगणात गोष्ट सांगताना मध्येच थांबलो आणि म्हणालो, खरं सांगू? ती साखळी मीच उघडली होती. मग असा काही हशा उसळला, की शेजारच्या घरातून लोक बघायला आले. पुढच्या आठवड्यात आलेले पाहुणे म्हणाले, काका, तो शेवटचा ट्विस्ट पण सांगा हां.

हल्ली कोणी विचारलं, किनाऱ्यावर गाडी अलाउड आहे का, तर मी 'नाही' म्हणतो. जमायला लागलंय. लोक 'ओके काका' म्हणतात आणि सोलकढी मागतात. इतकं सोपं होतं ते.

किल्ली आता दुसऱ्याकडे असते. पण भिकूदादा रोज संध्याकाळी देवळातून परतताना वाकडी वाट करून इकडे येतो. पितळी कुलूप धरतो, तीनदा ओढतो. चार पावलं जातो आणि थांबतो. पूर्वी परत फिरायचा. आता फिरत नाही, कारण पडवीत मी असतो. तिथूनच विचारतो.

"बाळ्या, लागलंय ना रे?"

"लागलंय, भिकूदादा."

मग तो घरी जातो.